जायचं तर पायी जा

चिंचवस्ती, २० फेब्रुवारी २०१३

आक्का,

पत्राच्या माथ्यावर काय काय लिहायचं असतं ते सातवीपर्यंत शिकले होते. ते सगळं लिहिलं असं समज अन् पुढं वाच. फोन तू उचलत न्हाईस. उचलतात ते दाजी, अन् माझा आवाज ऐकला की ठेवून देतात. म्हणून पोस्टाची पाकिटं आणलीत.

शिवकन्येचं लगीन अक्षय तृतीयेला धरलं हे तुमच्या कार्डावरून कळलं. अक्षर दाजींचं, पत्त्यात ह्यांचं नावही न्हाई, नुसतं 'चेअरमन, दूध सोसायटी'. आमचे हे ओट्यावर बसून वाचत होते, भोवती नेहमीची माणसं. वाचून म्हणाले, "सख्ख्या सोयऱ्याच्या घरचं लगीन अन् बोलावणं पोस्टानं. अक्षदा घेऊन दारात कुणी आलं न्हाई, म्हणजे बोलावलंच न्हाई." मी आतून म्हटलं, मला जायचंय. तर म्हणाले, "माझी गाडी त्या गावात जाणार न्हाई. जायचं तर पायी जा."

माणसं हसली. का म्हणून हसली ते सांगते. आमच्या दारापासून मारुतीच्या पारापर्यंत जाताना मी दोनदा बसते, हे सगळ्या वस्तीला ठाऊक हाय. तू मला बघितलंस त्याला सहा वर्षं झाली. तवा जाड होते, आता त्याच्या पुढं गेलेय. ह्यांच्या बोलण्याचा मला राग न्हाई आला, बोलतात ते तसंच बोलतात. त्या हसण्याचा आला.

म्हणून पायीच येणार हाय. आमची वस्ती ते तुझी आंबेवाडी तीन कोस, मधी कोरडी नदी. एसटीनं ये म्हणशील. एसटी गेवराईवरून फिरून येते, अन् आले तरी ओट्यावर म्हणतील, पाय कुठं चालले, चाकं चालली. मला ते ऐकायचं न्हाई.

आपल्याला भाऊ न्हाई. शिवकन्येच्या बारशात तूच म्हणालीस, हिच्या लग्नात मामाच्या जागी सरूचा मालक उभा राहील. मग दोन्ही गावांच्या दूध सोसायटीची निवडणूक आली, दाजींनी ह्यांच्या विरोधात पॅनल टाकलं, मोजणीच्या मांडवात दोघं एकमेकांच्या अंगावर गेले, अन् तवापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. त्यांना काय करायचं ते करू दे. पोरीचं लगीन एकदाच हाय.

गेवराईच्या डॉक्टरीणबाईकडं जाऊन आले. गुडघा दाखवायचाय म्हटलं, म्हणून गाडी मिळाली. काटा एकशे अठरावर गेला. खरं काय ते मी सांगून टाकलं, की मला तीन कोस चालायचंय. ती हसली न्हाई. म्हणाली, "बाई, तुमी अन् एखादी सडपातळ बाई एकाच रस्त्यानं चाललात तरी दोघींचं काम एकसारखं होत न्हाई. तुमच्या गुडघ्यावर जास्त भार, काळजाला जास्त काम. पोटाचा अन् छातीचा भार असतो म्हणून श्वास पुरता भरत न्हाई. चालून अंगात जी उष्णता तयार होते तीही तुमच्या अंगातून लवकर बाहेर पडत न्हाई. तुमी आळशी न्हाईत. तुमी ओझं घेऊन चालता." ओझं घेऊन चालता म्हणाली तवा मला बरं वाटलं. आजवर असं कुणी म्हणालं नव्हतं.

पुढं म्हणाली, चालताना बोलता आलं पाहिजे इतक्याच वेगानं चाला, बोलता येईना झालं की थांबा. आता माझ्या सोबत बोलायला कोण हाय? म्हणून तुझ्याशी बोलत चालणार हाय. रस्त्यात जे बोलेन ते घरी येऊन लिहीन. उत्तर द्यायचं तर दे.

सरू


चिंचवस्ती, ८ मार्च

आक्का,

पारापर्यंत दोनदा बसत होते, आता बसत न्हाई. पाराच्या पुढं आमच्या वाळल्या मोसंबीपर्यंत जाते. बाग यंदाच्या दुष्काळात गेली, बोरचं पाणी तिला पुरलं न्हाई. सरपणाला लोक फांद्या नेतात, आमी नको म्हणत न्हाई.

चालताना काय होतं ते सांगते, तुला हसायचं तर हस. पहिल्यांदा कानात ठोके ऐकू येतात. मग नडगीच्या बाजूनं ताण बसतो, पोटऱ्या दगड होतात. पावलं फाकून टाकावी लागतात, त्यानं कंबर डोलते अन् पाठ धरते. हाताची बोटं सुजतात, बांगड्या रुततात. पायाची जोडवी तर अशी रुतली की साबण लावून काढावी लागली. सवाष्णीनं जोडवी काढली म्हणून घरात बोलणी झाली. मी म्हटलं, बोटं राहिली तर जोडवी राहतील.

घाम तर विचारू नको. सडपातळ बाईला कपाळाला येतो, मला सगळीकडून येतो, अन् जिथं कातडीला कातडी लागते तिथं तो वाळत न्हाई. मांड्या आतून सोलून निघाल्यात. रात्री खोबरेल लावते, सकाळी पुन्हा तेच. हे नवऱ्याला सांगायची सोय न्हाई, डॉक्टरीणबाईला सांगायची लाज वाटली. तुला सांगितलं.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड झाली. आमी पाणी विकत घेत न्हाई, आमच्या बोरला हाय. बाकी बाया सकाळी त्याच रस्त्यानं नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावर जातात, डोक्यावर दोन, कमरेवर एक. त्या पाण्यासाठी चालतात अन् मी चरबीसाठी चालते. त्यातल्या छबुबाईनं पहिल्याच दिवशी विचारलं, "पाटलीणबाई, काय हरवलं का?" कारण रिकाम्या हाताची बाई सकाळी रस्त्यानं निघाली म्हणजे एक तर तिचं काहीतरी हरवलंय, न्हाईतर ती रुसून माहेरी निघालीय. तिसरं कारण आपल्याकडं न्हाई.

मग मी हंडा घ्यायला लागले. प्लास्टिकचा, हलका, रिकामा. कमरेवर हंडा असला की कुणी काही विचारत न्हाई. हे मला आधीच सुचायला पाहिजे होतं.

सरू


चिंचवस्ती, २६ मार्च, होळी

आक्का,

हंड्यानं घोटाळा केला.

आमच्या बोरजवळ मोठा हौद हाय. सोसायटीच्या सभासदांची जनावरं तिथं पाणी पितात. ह्यांची चेअरमनकी त्या हौदावर चालते, दुधावर न्हाई. तर वस्तीत बोलणं उठलं की चेअरमनची बायको हंडा घेऊन नदीकडं जाते, म्हणजे बोर आटलं, चेअरमन लपवतात. उद्या हौद कोरडा पडला तर जनावरं घेऊन कुठं पळायचं? शहाण्या माणसांनी आधीच पळ काढला. आठवडा झाला न्हाई तर निम्मी दावण उठून आंबेवाडीला दाजींनी उघडलेल्या चारा छावणीत गेली. यंदा तुमच्या छावणीत जनावरं वाढली असतील तर ती माझ्या रिकाम्या हंड्यामुळं. दाजींना सांग, उपकार मानायची गरज न्हाई.

हे घरात आले, हंडा उचलून आत बघितलं, म्हणाले, "रोज कुठं जातीस?" मी सांगितलं, शिवकन्येच्या लग्नाला चाललेय, अजून पोचले न्हाई. त्यांनी हंडा कोपऱ्यात पालथा घातला. मग म्हणाले, "हंडा घेऊन गेलीस तर गाव म्हणतं बोर आटलं. रिकामी गेलीस तर गाव म्हणंल बायको निघून चालली. त्यापेक्षा घरात बस." मी म्हटलं, गाडी द्या, बसते. ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी हौद वरून सांडेपर्यंत भरला अन् दवंडी दिली, ज्याला पाहिजे त्यानं न्यावं, सभासद असो नसो. बोर आटलं न्हाई हे दाखवायचं होतं. आता छबुबाई अन् बाकी बाया हौदावरच भरतात, नदीकडं जात न्हाईत. म्हणून तो रस्ता मोकळा झालाय अन् मी एकटीच चालते, रिकाम्या हातानं. कुणी विचारत न्हाई. सगळ्यांना कळलंय की पाटलीणबाई आंबेवाडीला निघाल्यात. कुठवर आल्या म्हणून रोज चौकशी होते.

तुझी पिशवी मिळाली. दुधाच्या गाडीवाल्या सटवानं आणून दिली, चिठ्ठी न्हाई म्हणाला. गुडघ्यापर्यंतच्या मऊ सुती चड्ड्या, चार, आतून शिवण दुमडलेली म्हणजे टोचणार न्हाई. तुझ्या मशीनचा टाका मी डोळे झाकून ओळखते. घालून चालले, मांड्या सोलत न्हाईत.

पण मला एक सांग, माप कुठून घेतलंस? सहा वर्षांत मी केवढी वाढले हे कुणी तुला सांगितलेलं न्हाई. चड्डी ना घट्ट होते ना सैल. म्हणजे चकलांब्याच्या बाजाराला दोन्ही गावं येतात, तिथं तू मला लांबून बघितलंस. बघितलंस अन् हाक मारली न्हाईस. लई वाईट वाटलं, आक्का. अन् चड्डी घातल्यावर बरंही वाटलं. दोन्ही लिहून ठेवते.

सरू


चिंचवस्ती, १८ एप्रिल

आक्का,

नदी ओलांडता आली न्हाई.

पाडव्यानंतर नदीपर्यंत जाऊन परत येत होते. निम्मी वाट झाली म्हणून मला चढलं. परवा म्हटलं पलीकडच्या काठावर जाऊन बघू. निघायला उशीर झाला होता, ऊन चढलं होतं, बाटलीतलं पाणी अलीकडंच पिऊन संपवलं. वाळूत पाय रुतायला लागले. सपाट रस्त्याला जेवढा दम लागतो त्याच्या दुप्पट वाळूत लागतो, हे माझ्या डोक्यात आलंच न्हाई. मधोमध गेल्यावर तुझ्याशी बोलायला तोंड उघडलं तर आवाज निघेना. थांबायचं होतं, पण तिथं सावली न्हाई. अजून चार पावलं म्हणत गेले. मग घाम बंद झाला, अंगावर काटा आला, उन्हात थंडी वाजली अन् खाली बसले. बसले ती बसलेच. वाळूत बसलेल्या एवढ्या मोठ्या बाईला स्वतःहून उठता येत न्हाई, धरायला काही नसतं.

आमच्या वस्तीवरच्या बायनाबाईनं बघितलं. ती ऊस तोडायला कर्नाटकात गेलती, यंदा कारखाना लवकर बंद पडला म्हणून आधी परतली, हौद सगळ्यांना खुला झाला हे तिला अजून ठाऊक नव्हतं. तिनं तिची घागर माझ्या डोक्यावर अन् मानेवर रिकामी केली, झिऱ्यावरून भरून आणलेली सगळी. मग वस्तीवर निरोप धाडला. गाडी आली. जी गाडी आंबेवाडीच्या वाटेला लागणार नव्हती ती नदीपर्यंत आली. तिघांनी मिळून मला वर चढवलं. हे म्हणाले, "झालं का पायी जाऊन?" अन् स्वतःच्या टॉवेलानं माझ्या तोंडावरची वाळू पुसली. ओट्यावर त्या दिवशी कुणी हसलं न्हाई. मला ते हसण्यापेक्षा वाईट वाटलं.

गेवराईला दोन बाटल्या सलाईन लागलं. डॉक्टरीणबाई रागावली, लई रागावली. काट्यावर उभं केलं, एकशे पंधरा. एवढी चालून तीनच किलो. मला रडू आलं. ती म्हणाली, "काट्याकडं बघून रडू नका. फेब्रुवारीत तुमी दोन जिने चढून आलात तवा पाच मिनिटं बोलता येत नव्हतं. आज चढून येऊन माझ्याशी भांडताय. मांस तेवढंच हाय, काळीज सुधारलंय." मी म्हटलं, मग तीन कोस जमतील? म्हणाली, मी नको म्हटलं तर ऐकाल का? मी खरं सांगितलं. मग तिनं बजावलं, ऊन चढायच्या आत पोचा, एकट्या जाऊ नका, मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं पीत राहा, डोक्यावर ओलं फडकं ठेवा, अन् बोलता येईना झालं की तिथंच बसा, कुणी काही का म्हणेना.

बायनाबाई म्हणते, "मी येते. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढलेय, तुमाला घेऊन जायला काय लागतं. फक्त उचलायला सांगू नका."

हे दोन दिवस जेवले न्हाईत नीट. पण गाडीचं नाव काढलं न्हाई.

सरू


चिंचवस्ती, ११ मे

आक्का,

हे पत्र सटवाच्या हाती देते, पोस्टानं माझ्यानंतर पोचंल.

परवा पहाटे निघते. शिवकन्येसाठी हिरवी साडी घेतलीय, ती बायनाबाईच्या डोक्यावर राहील. मधल्या वाटेवर कुठं बसायचं ती झाडं आमी बघून ठेवलीत. नदीत आता बैलगाडीची चाकोरी पडलीय, वाळू दबलीय, तिथून जायचं.

मला भीती वाटते. नदीची न्हाई. तुझ्या घरून अक्षदा आल्या न्हाईत. ह्यांचं बोलणं कडू हाय पण खोटं न्हाई, बोलावणं दारात यावं लागतं. मी तुझ्या दारात घामानं निथळत उभी राहीन, मांडवात चार माणसं बघत असतील, अन् दाजी तोंड फिरवतील, अन् तू दाजींच्या तोंडाकडं बघशील. तसं झालं तर मला परत चालता येणार न्हाई. पायात तेवढं बळ न्हाई, हे मी मोजून बघितलंय.

तू बाहेर ये. बोलू नको वाटलं तर नुसती उभी राहा.

सरू


आंबेवाडी, १४ मे

आहो,

पोचले. हे पत्र तुमाला हाय, आक्काला आता पत्राची गरज न्हाई, ती शेजारी बसून मटकी निवडतेय.

आधी तब्येतीचं. नदी ओलांडली तवा सूर्य नुकता वर आलता. वाटेत पाचसहा वेळा बसले. एकदा बोलणं बंद पडलं, तिथंच बसले, वाटेतल्या माणसांनी बघितलं, बघू दिलं. शेवटच्या चढाला उजवा गुडघा लचकला. बायनाबाईनं मागून हात लावला न्हाई, शिव्या दिल्या, त्यावर चढले.

आक्का दारात आली. माझ्या पायांकडं बघितलं. लग्नघरात टँकरचं पाणी तांब्यानं मोजून देत होते. तिनं परात आणली, भरून पाणी ओतलं अन् माझे पाय त्यात ठेवले. जोडव्याच्या जागी वळ हाय, त्यावर बोट फिरवलं. मग म्हणाली, "चड्डी बसली का नीट?" आमी दोघी मांडवात बसून रडलो. शिवकन्या आतून ओरडली, कोण आलंय, तर दाजी म्हणाले, "तुझी मावशी आलीय. चालत."

मुहूर्त साडेबाराचा होता. मंडळी उभी राहिली तरी दाजींनी भटजीला थांबवलं. कुणाची वाट बघतात ते बोलले न्हाईत. वळून वळून रस्त्याकडं बघत होते. जीपचा धुराळा दिसतो का म्हणून सगळा मांडव बघत होता. पोरीच्या मागची जागा मोकळी होती. भटजींनी दोनदा विचारलं, मामा कोण?

मी उभी राहिले. मामानं धरायची लिंबू खोवलेली कट्यार माझ्या हातात दिली. बाई कशी उभी राहील म्हणून कुणी तरी बोललं, तर दाजी म्हणाले, "तीन कोस चालून आलीय, तिला कोण बस म्हणतो ते बघतो." चालण्यापेक्षा उभं राहणं जड असतं, हे तुमाला ठाऊक नसंल. चालताना पोटऱ्या रक्त वर ढकलतात, उभं राहिलं की ते पायात उतरतं अन् माणूस चक्कर येऊन पडतं. म्हणून मंगलाष्टकं संपेपर्यंत मी टाचा वर-खाली करत होते. शिवकन्या नंतर म्हणाली, मला वाटलं मावशी नाचती.

ती जागा तुमची होती. मी भरून काढली, पण तुमची होती.

आता कामाचं. परवा मांडवपरतणी हाय, लेक-जावई येणार. त्याचं बोलावणं हे. पोस्टानं न्हाई, बायनाबाईच्या हातानं. पुडीत अक्षदा हायत, दाजींनी स्वतः मूठ भरून दिल्यात. त्यांनी कुंकू लावलंय, पुडीला लाल बोटं उमटलीत ती त्यांची. म्हणजे आता बोलावलंच न्हाई असं म्हणता येणार न्हाई.

मी परत पायी येणार न्हाई. गुडघा सुजलाय. तुमची गाडी ह्या गावात येत न्हाई हे मला ठाऊक हाय, म्हणून गाडी धाडा असं मी म्हणत न्हाई. मला घाई न्हाई, आक्कानं गादी दिलीय.

गाडी येत नसंल तर तुमी पायी या. पहाटे निघा, पाणी घ्या, नदीत चाकोरी सोडू नका. बोलता येईल इतक्याच वेगानं चाला. सोबत कुणी नसलं तर माझ्याशी बोला.

सरस्वती